झोपेची घटका

तुळिंजच्या भाजीबाजारामागे डॉक्टर बेसिलचा दवाखाना होता. पुढे दोन बाकं, आत तपासायची खोली आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत लाकडी चौकटीची एक खिडकी. डॉक्टर आत छाती तपासायचे, जीभ बघायचे, केसपेपरवर भराभर काही खरडायचे आणि म्हणायचे, "खिडकीवर जा. हंसा सांगेल."

माणसं खिडकीवर यायची. हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कळलेलं नसायचं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसायचं. डॉक्टरचं अक्षर वाचता आलं तर तो डॉक्टर कसला, अशीच सगळ्यांची समजूत. हंसा कागद घ्यायची, गोळ्या पांढऱ्या पाकिटात घालायची आणि पाकिटावर निळ्या पेनाने लिहायची. आधी नाव, मग वेळ.

ही शिस्त इनेझबाईंची. त्या या खिडकीत केस पांढरे होईपर्यंत बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा जाता जाता त्यांनी हंसाला शिकवलं. "नाव लिहिताना वर बघायचं," त्या म्हणायच्या. "नुसतं विचारून लिहायचं नाही. चेहरा बघायचा. पाकिटात घातलेली गोळी त्या तोंडात जाणार आहे, हे हाताला कळलं पाहिजे."

हंसा खाडीकाठच्या गावातली. वडील काशीराम भात पिकवायचे आणि भात झोडपून झालं की मिठागरावर जायचे. घरात दहावीपर्यंत गेलेली ती पहिलीच. लग्न होऊन ती तुळिंजला आली, कारण नवरा सातिवलीच्या एका कारखान्यात होता. एकदा लेकीच्या, रीमाच्या, तापासाठी ती दवाखान्यात आली आणि बाकावर बसल्या बसल्या शेजारणींना त्यांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचून दाखवू लागली. डॉक्टरांनी आतून ते ऐकलं. शहाण्णव-सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. पुढच्याच आठवड्यापासून ती खिडकीत बसू लागली.

पहिले काही दिवस तिला त्या इंग्रजी अक्षरांची भीती वाटली. बीडी, टीडीएस, ओडी, एसी, पीसी. डॉक्टर एवढ्याशा जागेत माणसाचा अख्खा दिवस कोंबून ठेवायचे. इनेझबाईंनी अर्थ पाठ करून घेतले होते : ओडी म्हणजे एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट म्हणजे इथेच, आत्ताच, माझ्यासमोर. पण ही अक्षरं आली कुठून, ते इनेझबाईंनाही ठाऊक नव्हतं.

एका दुपारी दवाखाना रिकामा असताना हंसाने डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, दोनदाला बीडी का? इंग्रजीत दोनला टू म्हणतात ना?"

डॉक्टर हसले. "ते इंग्रजी नाहीच. लॅटिन आहे. बिस इन दिये. दिवसातून दोनदा."

"म्हणजे तुमच्या चर्चमधलं?"

"तेच. मी लहान होतो तेव्हा मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, लॅटिनमध्ये व्हायची. पाद्री पुढे म्हणायचे, आम्ही पोरं मागे उत्तर द्यायचो. अर्थ कोणाला येत होता! माझी आई तर शेवटपर्यंत तसल्याच प्रार्थना पुटपुटायची. एक शब्द कळायचा नाही तिला. पण उठायची तेव्हा चेहरा डोक्यावरची पाटी उतरवून ठेवल्यासारखा हलका झालेला असायचा." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पुढे मेडिकलला गेलो, तर तिथे पुन्हा तेच शब्द भेटले. पोस्ट चिबुम, जेवणानंतर. सी ओपुस सित, गरज पडली तर."

"एसओएस?"

"एसओएस."

हंसाला ते सगळ्यांत आवडलं. बाकीची अक्षरं हुकूम सोडायची. हे एकच होतं जे दुखणाऱ्या माणसावर विश्वास टाकायचं. तुझं दुखणं तुलाच कळेल, तूच ठरव.

"आणि एचएस?" तिने विचारलं.

"होरा सोम्नी," डॉक्टर सावकाश म्हणाले, जुन्या सवयीने किंचित सुरात. "झोपेची घटका."

किती छान, असं तिला वाटलं. पण पाकीट केवढंसं असतं, आणि रांग केवढी. इनेझबाई तिथे 'रात्री' लिहायच्या. हंसाही 'रात्री' लिहू लागली.

हळूहळू खिडकी तिची झाली. ती अक्षरं उलगडून सांगायची, पण माणसागणिक वेगळी. शाळेत डबा पुरवणाऱ्या बाईला म्हणायची, "पोरांचे डबे गेले की एक." टँकरसाठी हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्यांना सांगायची, "पाणी भरून झालं की." हंसाच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मनोरमाकाकू, मूळच्या राजापूरच्या, रक्तदाबाची गोळी न्यायला आल्या की मुद्दाम विचारायच्या, "काय गं हंसा, आज डॉक्टरांनी मला बीडी लिहिलीय का?"

"लिहिलीय काकू. दोन वेळा."

"या वयात! आमच्या ह्यांना कळलं तर स्वतःलाही मागतील."

सगळं बाक हसायचं. हंसाही हसायची, पण हसता हसता वर बघायची आणि मगच नाव लिहायची. 'मनोरमा.'

फक्त एक नाव ती लिहीत नसे. बोलतही नसे. तिच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तुळिंजमध्ये शेजारच्या सुना नवऱ्याला खुशाल नावाने हाका मारायच्या, आणि हंसाला त्याचं वाईट वाटत नसे. पण तिच्या स्वतःच्या जिभेवर ते नाव यायचं नाही. रेशनकार्डावर दाखवायची, गॅसवाल्याने विचारलं तर रीमाला पुढे करायची. "पप्पांचं नाव सांग गं." रीमा ऐटीत सांगायची, "अल्पेश!"

अल्पेश सातिवलीला पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, पायाखालचा पेडल दाबायचा, वरून दणका बसायचा, झाकण बाहेर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांच्या एका खोलीत भर सकाळी रात्र व्हायची. हंसा खिडकीवर जाड चादर लावायची. कुकरची शिट्टी वाजण्याआधीच गॅस बारीक करायची. रीमाला बाहुली देऊन पायरीवर बसवायची. भंगारवाला गल्लीत शिरला की दार अर्धवट उघडून बोटानेच सांगायची, पुढे जा, पुढे जाऊन ओरड. अल्पेश झोपला की त्याचा उजवा पाय मधूनच हलायचा, पेडल दाबल्यासारखा. ती त्यावर हात ठेवायची. पाय थांबायचा. मग ती दवाखान्यात जायची.

पुढे एका वर्षी त्याच्या हातांवर मशीनच्या तेलाने पुरळ उठलं. रात्रंदिवस खाज. नको नको म्हणत असताना हंसा त्याला संध्याकाळी दवाखान्यात घेऊन गेली. गर्दी तुफान होती. डॉक्टरांनी हात बघितले, मलम लिहिलं, एक छोटी पिवळी गोळी लिहिली. या गोळीने गुंगी येते, हे ते प्रत्येक पेशंटला सांगायचे. याला सांगितलं नाही. खिडकीत बायको आहे, ती सांगेल. आणि अल्पेशला बाजारातून भाजी घेऊन घरी जायचं होतं. "तू येताना घेऊन ये," तो खिडकीवरून जाता जाता म्हणाला. थांबलाही नाही.

रांग संपल्यावर हंसाने त्याचा केसपेपर घेतला. मलमाची ट्यूब काढली. पिवळ्या गोळ्या पाकिटात घातल्या. नाव विचारायचं नव्हतं. वर बघायला समोर कोणी नव्हतं. नावाची जागा तिने कोरी ठेवली, आणि एचएसच्या पुढे हात आपोआप लिहून गेला : 'रात्री.'

दुसऱ्या दिवशी त्याची रात्रपाळी सुरू झाली.

तिसऱ्या सकाळी तो नेहमीच्या वेळी आला नाही. हंसाने चादर लावून ठेवली होती, चहा दोनदा गरम केला. मग गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, आणि कारखान्यातल्या एका माणसाने हात धरून त्याला उतरवलं. दुसऱ्या हाताला मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं आणि ते काळपट लाल झालं होतं.

"वाचला वैनी," तो माणूस म्हणाला. "मशीनवर डुलकी लागली. मी ओरडलो म्हनून हात काढला. करंगळीवरच निभावलं."

डॉक्टर अजून यायचे होते. इनेझबाईंनंतर दवाखान्याची चावी हंसाकडेच असायची. तिने दवाखाना उघडला, त्याला बसवलं, फडकं सोडलं. करंगळीचं टोक चेपलं होतं, नख गेलं होतं. डॉक्टरांची स्कूटर वाजली तेव्हा ती पाण्यात औषध टाकून जखम धूत होती. डॉक्टरांनी टाके घातले. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "बोट राहील. थोडं बुटकं होईल, एवढंच."

मग त्यांनी अल्पेशला विचारलं, "आजवर कधी डुलकी लागली नाही. काल काय झालं?"

"काय कलत नाय डॉक्टर. दोन दिस असंच होतंय. डोलं उघडं ठेवता येत नव्हतं."

हंसा कापूस गुंडाळत होती. तिने हात थांबवला. "गोळी... ती पिवळी. कधी घेतली?"

"रात्री. निघताना." तो तिच्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. "तूच लिवलंस ना. मंग घेतली."

डॉक्टरांनी मान खाली घातली. हंसाने कापसाचा बोळा बशीत ठेवला, चावी टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला घेऊन घरी गेली.

त्यानंतर ती खिडकीत आली नाही.

डॉक्टर स्वतःच पाकिटं बांधू लागले. बाकावरची माणसं चुळबुळायची. मनोरमाकाकू खाली उतरून हंसाच्या दारात उभ्या राहिल्या. "अगं, डॉक्टरांनी मला पाकीट दिलं. नुसतं एक दोन एक दोन असं काहीतरी लिहिलंय. शेअर बाजाराचा भाव वाटतो मला. चल की."

"तुम्ही डॉक्टरांना विचारा काकू. माझं विचारू नका."

"असं काय बोलतेस?"

हंसा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नाय येत ते काम."

काकूंना तो 'नाय' ऐकून धक्काच बसला. खिडकीतली हंसा कशी पुस्तकी, नेटकी बोलायची. त्या दारातूनच मागे फिरल्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. हातात केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, घरच्या वाडीतली वाळवलेली केळी. अल्पेश उशीला टेकून बसला होता, हात छातीशी धरून. डॉक्टरांनी पट्टी बदलली आणि खुर्ची ओढून हंसासमोर बसले.

"दोन अक्षरं मी लिहिली," ते म्हणाले. "समोर बसलेल्या माणसाला पाळी कुठली ते मी विचारलं नाही. गुंगी येते हे बाजारातल्या प्रत्येकाला सांगतो, ते याला सांगितलं नाही. घरचंच माणूस, म्हणून. चूक माझी आहे, हंसा."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं डॉक्टर." हंसा खिडकीवरच्या चादरीकडे बघत होती. "मला ठाऊक होतं. हे कधी झोपतात, ते या जगात माझ्याइतकं कोनाला ठाऊक आहे? सकाळी मीच तर यांची रात्र करते. आणि मीच लिहिलं..."

पायरीवर रीमा बाहुलीला थोपटत होती. तिला सवयच होती, घरात पप्पा असले की हळू बोलायची.

डॉक्टर उठले. पिशवीतून पाकिटं काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. जखमेची गोळी, दुखण्याची गोळी, आणि खाज अजून होती म्हणून तीच पिवळी. पाकिटं पांढरीशुभ्र कोरी होती. शेजारी त्यांनी केसपेपर ठेवला. "माझं अक्षर तुला येतं," एवढंच म्हणून ते गेले.

पाकिटं तशीच पडून राहिली. दुपारची जेवणं झाली. हंसाने भांडी घासली, पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

"मी यातलं काय कधी घेऊ?" अल्पेशने विचारलं.

"सांगते ना. ही मोठी सकाळी जेवून आणि रात्री जेवून. ही दुखलं तरच."

"तोंडी नको. लिव."

"अहो, सांगितलं ना आता. लक्षात ठेवा."

"माझ्या लक्षात नाय राहत. लिव त्याच्यावर."

"माझं लिहिलेलं वाचून काय झालं, ते बघितलंत ना?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आता तरी माझ्या अक्षरावर नका जाऊ."

अल्पेशने पट्टीचा हात जपून मांडीवर घेतला. तो बोलायला संथ, आणि त्या दिवशी आणखीच संथ झाला. "हंसा, मला कारखान्यात समदे कागद देतात. सुपरवायजर देतो, युनियनवाला देतो. मी एक वाचत नाय. अंगठा मारल्यावानी सही करतो. वाचतो ते एकच. तू डब्यात चिठी घालतेस ना, वरण खालच्या खनात हाय, सांडू नका. ते वाचतो. आता तू लिवनं बंद केलंस तर मी वाचायचं काय?"

हंसाने ओल्या फडक्याला हात पुसले. पेन रीमाच्या दप्तरात सापडलं. ती ओट्याशी उभी राहिली. पहिल्या पाकिटावर लिहिलं, 'सकाळी जेवून, रात्री जेवून.' दुसऱ्यावर, 'दुखलं तर. वाट बघत बसू नका.' हे दुसरं वाक्य कुठल्याच अक्षरांत नव्हतं, पण त्याची सहन करत बसायची सवय तिला ठाऊक होती.

तिसरं पाकीट हातात घेतलं आणि ती थांबली. केसपेपरवर डॉक्टरांचं तेच वळणदार एचएस. नावाची जागा कोरी. तिने मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं. इनेझबाईंनी शिकवलं होतं तसं, नीट. दाढी वाढलेली. डोळ्यांखाली काळं. कपाळावर पत्र्याची जुनी, पांढरी पडलेली खूण. इतकी वर्षं तो या खोलीत असायचा तो झोपलेला, म्हणून ती बघायची तेही अंधारात, हळूच. असा उजेडात, समोर बसून तिच्याकडे परत बघणारा तो तिला क्वचितच मिळाला होता.

"तुम्ही झोपणार कधी?" तिने विचारलं.

तो गोंधळला. मग त्याला हसू आलं. "हे मला कोनी कधी इचारलंच नाय. पाळी सांगेल तवा झोपतो. आता पाळीच नाय तर..." त्याने खिडकीवरच्या चादरीकडे हनुवटीने खूण केली. "रात्री झोप येत नाय अजून. सवय गेली. दुपारी डोला लागतो. आता लागंल."

हंसाने पाकीट ओट्यावर सपाट धरलं. पेन टेकवलं. ते पहिलं अक्षर लिहायला तिला फार वेळ लागला. मग तिने सबंध नाव लिहिलं, आणि त्याखाली, 'झोपायच्या आधी, जेव्हा झोपाल तेव्हा. घेऊन मशीनवर जायचं नाही.' शेवटची ओळ पाकिटावर मावली नाही. ती तिने मागच्या बाजूला लिहिली.

रीमा पाण्यासाठी आत आली होती. तिला नुकती जोडाक्षरं यायला लागली होती आणि दिसेल ते ती वाचायची. "अ... ल्पे... श," तिने वाचलं. मग डोळे मोठे करून आईकडे बघितलं. "आई! तू पप्पांचं नाव लिहिलंस!"

"हळू बोल," हंसा म्हणाली. तिचे कान तापले होते.

अल्पेशने पाकीट घेतलं. उलटं करून मागचं वाचलं, सुलटं करून पुढचं. पिवळी गोळी तळहातावर घेतली, पाण्याबरोबर गिळली आणि पाकीट उशीखाली ठेवलं. हंसा सवयीने चादर नीट ओढायला गेली.

"राहू दे," तो म्हणाला. "थोडा उजेड येऊ दे. आणि तू जा. डॉक्टर एकटा पाकिटं बांधतोय. त्या काकूला शेअर बाजार खेलायला लावलाय त्यानं."

"तुम्ही ऐकत होता होय?"

"झोपलेला मानूस समदं ऐकतो."

तिने केस सारखे केले, चपला घातल्या. पायरी उतरताना आतून त्याचा आवाज आला, गोळीने जरा जड झालेला. तो रीमाला सांगत होता, "हलू खेल गं. आई कामाला चाललीय."

दवाखान्याची बाकं भरलेली होती. डॉक्टर खिडकीत अवघडून उभे होते. तिला बघताच त्यांनी चावी पुढे सरकवली आणि आत गेले. रांगेत पहिला होता एक पहारेकरी, खाकी शर्ट, तांबारलेले डोळे. हंसाने त्याचा कागद घेतला, नाव विचारलं, वर बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "झोपता कधी?"